घरातला दुसरा ड्रायव्हर

आखातातल्या अल कुसैसच्या आमच्या इन्शुरन्स ऑफिसात सुझी आंटी भर दुपारी आली. उद्या तिच्या गाडीचं रजिस्ट्रेशन संपत होतं आणि तीन कंपन्यांनी विम्याला नकार दिला होता. कारण एकच, फॉर्मवरचा दुसरा ड्रायव्हर, तिचा नवरा लॅन्सी. दोन ॲक्सिडेंट, अकरा दंड.

"पण आंटी, अंकल मार्चमध्ये गेले ना? मीच पेटीला खांदा दिला. त्यांचं नाव काढू, पाच मिनिटांत खलास."

"नाव नाही काढायचं. चौथ्या कंपनीला विचार."

मी नवा फॉर्म उघडला. "बरं, अंकलना काही आजार?"

"आता काही नाही."

मी हसलो. ती नाही हसली. मग स्क्रीनवर दंडांची यादी आली. शेवटचा दंड गेल्या शुक्रवारचा होता, वळताना इंडिकेटर न दिल्याचा.

"तीस वर्षं सांगते, इंडिकेटर दे म्हणून. ऐकेल तर शपथ," आंटी म्हणाली. "पण तू इन्शुरन्स कर रे बाबा. गाडी बंद झाली तर तो राहील कुठे?"

मी नाव राहू दिलं. चौथी कंपनी तिप्पट प्रीमियमवर हो म्हणाली.

"येते हां. खाली गाडी चालूच आहे."

"चालू? आंटी, त्याचाही दंड असतो!"

"एसी बंद केला की चिडतो."

मी खिडकीतून पाहिलं. आंटी स्टीअरिंगच्या शेजारच्या सीटवर बसली, बेल्ट लावला, छातीवर क्रूसाची खूण केली. गाडी निघाली आणि कोपऱ्यावर वळली.

इंडिकेटर न देता.