धुरपताबाईंची आवराआवर

फवारणीच्या औषधाची बाटली जयानं आधी माळ्यावर ठेवली, मग तिथून काढून ज्वारीच्या कोठीमागं सरकवली. तिथंही जीव राहिना. शेवटी जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं ती आपल्याच पेटीत, लेकीच्या, सलोमीच्या फ्रॉकांखाली घातली आणि कुलूप लावलं. परमुलखात देवाचं घर उभारायला निघालेल्या बाईच्या पेटीत विषाची बाटली! पाळकसाहेबांनी पाहिलं असतं तर हातच जोडले असते.

बाहेर सासूबाई, धुरपताबाई, पुन्हा गात होत्या.

गात कसल्या, रडतच होत्या. पदर तोंडावर ओढून, लांब हेल काढून. जया दारव्ह्याच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेली. बंजाऱ्यांच्या तांड्यावर सून म्हणून येऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांची गोरबोली तिला कामापुरतीच कळे. गाण्यातलं तर काहीच उमगत नसे. 'याडी' म्हणजे आई, एवढा शब्द तेवढा ओळखीचा.

नवरा, शाम, नागपूरला मिशनच्या प्रशिक्षणाला गेला होता. तो आला की तिघांनी निघायचं होतं. नेपाळच्या तराईतलं एक गाव, तिथं एक भाड्याची खोली आणि त्या खोलीत पहिली प्रार्थना. लग्न झाल्यापासून दोघांनी हे एकच स्वप्न पाहिलं होतं. शाम लिंबाखाली उपदेश करायचा तेव्हा समोर चार बाया आणि एक कुत्रं असायचं, पण डोळे त्याचे लांबच लागलेले.

धुरपताबाईंनी कधी हो म्हटलं नाही, कधी अडवलंही नाही. प्रार्थनेला त्या उंबऱ्यात बसत आणि तिथून उठून सेवालालच्या देवळात दिवा लावून येत. तुम्हीही चला, असं जयानं एकदा म्हटलं होतं.

"मी कायले येऊ वं?" त्या म्हणाल्या होत्या. "माही माती इथंच हाय."

त्यावर जयानं पुन्हा विषय काढला नाही. खरं सांगायचं तर तिला थोडं हायसंच वाटलं होतं, आणि तेच आता तिला खात होतं.

कारण गेल्या आठवड्यात धुरपताबाईंनी शेळी शेजारच्या बिजलीबाईला देऊन टाकली. मग कोंबड्या दिल्या. मग पायातले चांदीचे वाळे काढून सलोमीच्या पायात घातले. नात खळखळ वाजवत अंगणभर नाचली आणि आजी तिच्याकडं बघत हसली. जयाला ते हसू बघवेना.

पलीकडच्या तांड्यावरच्या डोंगरसिंगनं मागच्या साली असंच केलं होतं. कापूस घरात पडून होता, भाव नव्हता. त्यानं बैलजोडी भाच्याला देऊन टाकली. लोक म्हणाले, दिलदार माणूस. दुसऱ्या दिवशी तो शेतात सापडला, उशाला रिकामी बाटली.

"जया," संध्याकाळी धुरपताबाईंनी विचारलं, "फवाऱ्याची बाटली कुठी गेली वं?"

जयानं पेटीकडं बघायचं टाळलं. "सांडली, याडी."

"अशी कशी सांडली?" त्या चुकचुकल्या आणि हातातली गोधडी पुढं शिवू लागल्या. गोधडी चांगली ऐसपैस होती.

"सलोमीले एवढी मोठी?"

"तिकडं थंडी राह्यते म्हनते ना?"

एवढंच बोलून त्यांनी दोरा दातानं तोडला आणि पुन्हा तो हेल लावला.

सकाळी जया जीपमध्ये बसून दारव्ह्याला गेली. सलोमीला बिजलीबाईकडं ठेवलं, आणि सासूबाईंवरही नजर ठेवा, असं बजावलं. बिजलीबाई तिच्याकडं नवलानं बघतच राहिली.

फोनच्या बूथवर गर्दी होती. पाठीशी उभ्या माणसांचा श्वास मानेवर येत होता. सगळं बोलायची सोय नव्हती.

"मी नाई येत," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाले पाठवा म्हणा."

"काहून?" शामनं विचारलं. "काय झालं?"

"याडीले सोडून नाई येत मी. इथं नाई सांगता येत. माहं आयका."

शामनं तिला फोन धरून ठेवायला सांगितलं. मग शामनं पाळकसाहेबांना विचारून सांगितलं. महागावचं एक कुटुंब कधीचं तयारच होतं. साहेबांनी त्यांचं नाव तिथल्या तिथं पक्कं केलं होतं.

"आता नाही बदलाचं," शाम म्हणाला. "जाऊ दे. तू रडू नको." रडत तोच होता.

बूथमधून बाहेर पडताना जयाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण छातीवरचा धोंडाही उतरला होता. तिनं सासूबाईंसाठी जिलबी घेतली. आता त्यांना समोर बसवून सांगायचं, आम्ही कुठं जात नाही, शेळी परत आणा.

तांड्याच्या तोंडाशीच रडणं ऐकू आलं.

देवळापुढं साऱ्या बाया जमल्या होत्या. मधे धुरपताबाई, कित्येक वर्षांनी घागरा आणि आरशांची चोळी ल्यालेल्या. एकेकीच्या गळ्यात पडून गात होत्या, आणि त्या एकेकीच्या डोळ्यांना धार लागली होती. जयाच्या हातातली पुडी गळून पडली. ती धावत सुटली.

"काय पेल्लं? याडी, काय पेल्लं तुम्ही?"

बिजलीबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. "काही नाही पेल्लं. रडू दे तिले. ढावलो हाय हा. लगनात नवरी नाही का म्हनत? घर सोडून जानारीनं म्हनाचा असते. आठ दिवसांपासून गाऊन राह्यली, तुले आयकू नाही आलं?"

धुरपताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. पायाशी बोचकं होतं, त्यावर ती ऐसपैस गोधडी घडी घालून ठेवलेली.

"शेळी देल्ली, कोंबड्या देल्ल्या," त्या म्हणाल्या. "शेजारच्या देवसिंगची उसनी आनलेली फवाऱ्याची बाटली तेवढी वापस कराची राह्यली, थे तू सांडवली. त्या दिवशी मी नाही म्हनलं खरं, पन तुमच्याबिगर इथं मले कोन हाय? गाडीचंच इचाराले गेलती ना तू? सांग बाई, कवा हाय आपली गाडी?"