बठ्ठं गाव

नाल्यावरच्या फरशीपुलापाशी येऊन जीप माघारी वळायला लागली, तशी भागाबाईनं घरातली खाट डोक्यावर घेतली, फरशी ओलांडली आणि खाट भर रस्त्यात जीपपुढे आडवी टाकली. वर पदर खोचून बसली.

ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून धरला. दाब बाबा, दाब. भागाबाई हॉर्नला उठणाऱ्यांतली नव्हती.

सकाळपासून गावात हीच जीप गोगलगायीसारखी फिरत होती. पाइपलाइनच्या सांध्यांचे फोटो काढायच्या यंत्रातला करंगळीएवढा चकचकीत तुकडा कुठंतरी पडला होता. दिसला तर हात लावू नका, त्यातून किरणं निघतात, माणूस आतून जळतो, असं रिक्षावरचा भोंगा तालुकाभर ओरडून गेला होता. जीपमधलं यंत्र टिक टिक करी आणि मुंबईचे साहेब ते आकडे हातातल्या नकाशावर मांडत. पार झाला, पाटील गल्ली झाली, बाजारपेठ झाली. फरशी आली तसे पुढच्या सीटवर बसलेले सरपंच जीवरामनाना म्हणाले, "चला साहेब, बठ्ठं गाव व्हयनं."

बरं, नाना खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी गाव फरशीपाशीच संपत होतं. पलीकडची घरं, विहारावरचा निळा झेंडा, भागाबाईचा उंबरा, ते सगळं म्हणजे 'वस्ती'.

"भागा, ऊठ वं!" शेजारची द्रौपदाबाई धावत येऊन तिचा दंड ओढायला लागली. "आपलाकडे ते मशीन बोंबलनं ते कापूस येचाले बलावतीन का कोणी?"

त्र्याण्णव सालचा कापूस नुकता फुटला होता आणि द्रौपदाबाईचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण भागाबाईच्या डोळ्यांपुढे पुनाचा हात होता. पुना, तिचा नवरा, पाइपलाइनच्या चारीवर खोदायला जाई. त्याचा उजवा अंगठा आणि दोन बोटं टरारून सुजली होती, लाल झाली होती, वर पाण्यानं भरलेले फोड. चुलीजवळ गेला नव्हता की उकळत्या पाण्याजवळ. काय झालं म्हटलं की म्हणे, चुना लागला. भोंगा ओरडून गेला त्या दिवसापासून तर हात गोधडीखालून बाहेरच काढेना.

"बोंबलनं ते बोंबलू दे," ती म्हणाली. "माले समजाले पाह्यजे."

साहेब खाली उतरले. "बाई, काय झालं?"

"आम्हनं बी मोजा."

"पण सरपंच म्हणतात झालं. बठ्ठं म्हणजे सगळंच ना?"

"ते गावात येत नाही साहेब," नाना सीटवरूनच म्हणाले. "वस्ती शे ती."

भागाबाई ताडकन उठली. "मतं मांगाले येतस ना नाना तुम्ही, फरशी वलांडीसन? तवय गाव व्हतं का?"

नाना एकदम काचेबाहेर बघायला लागले. साहेबांनी ड्रायव्हरला हातानं पुढं व्हायची खूण केली. भागाबाईनं खाट रस्त्याच्या कडेला उभी केली आणि जीपच्या पुढं चालायला लागली, वरातीपुढं चालावं तशी, ताठ.

पहिल्या घरापाशी यंत्र आपलं टिक टिक. विहारापाशीही तसंच. द्रौपदाबाईनं सुटकेचा श्वास सोडला. जीप उकिरड्याकडे वळली आणि कढईत लाह्या फुटाव्यात तसं यंत्र तडतडायला लागलं. मग टिक आणि टिकमधली जागाच संपली. साहेब ओरडले, "मागं व्हा! सगळे मागं!" पोरंबाळं उचलून बाया पळाल्या. लांब दांड्याच्या चिमट्यानं तो तुकडा उकिरड्यातून निघाला, शिशाच्या डब्यात पडला आणि झाकण लागलं. तेव्हा कुठं यंत्र पुन्हा टिक टिकवर आलं.

भागाबाई घरात गेली. पुनाला चांगल्या हाताला धरून तिनं बाहेर आणलं आणि साहेबांसमोर गोधडी बाजूला केली.

"यानी उचलं. भोंगा आयकीसन घाबरना, मंग फेकी दिधं. चोरी नही करी त्यानी."

हात बघून साहेबांचा चेहराच उतरला. "आजच्या आज मुंबईला न्यायला हवं. मी नेतो. याच गाडीतून. बाई, तुम्हीही चला."

त्यांनी घाईघाईनं बॉनेटवर नकाशा पसरला आणि लाल पेन्सिलीनं एक फुली केली. फुली पडली ती कोऱ्या कागदावर. गावाच्या गल्ल्या, आकडे, सगळं अलीकडेच थांबलं होतं.

जीवरामनाना लगबगीनं खाली उतरून जवळ आले. "साहेब, गावाबाहेर सापडलं असं लिहा. गावाचं नाव उगीच खराब व्हई."

"मग इथं काय लिहू? या जागेचं नाव काय?"

नानांनी तोंड उघडलं. पण भागाबाई पुनाला नानांच्या रिकाम्या झालेल्या सीटवर बसवत होती, ती तिथूनच म्हणाली,

"गाव लिखा."

साहेबांनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग गल्ल्यांची रेघ ओढत ओढत फरशीपलीकडे नेली आणि फुली आत घेतली.

भागाबाई मागं चढून बसली. जीप फरशी ओलांडून अलीकडे आली. कडेला उभी केलेली खाट दिसली तशी तिनं ड्रायव्हरला थांबवलं आणि मागून चालत येणाऱ्या सरपंचांना हाक मारली.

"नाना, तेवढी खाट मन्हा घर ठेवी द्या. फरशी वलांडी की पहिलंच घर शे."