नावामागचं ‘कै.’

विचित्र कथा छापणाऱ्या त्या चिमुकल्या प्रकाशनाचं मासिक पत्रक हातात पडलं आणि लेखक तसाच तडक त्यांच्या कार्यालयात थडकला. ‘या महिन्याची शिफारस’ या चौकटीत त्याचं पुस्तक चक्क पहिलं होतं. फक्त नावामागे ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ पडलं होतं.

“अहो, मी जिवंत आहे!”

“असाल हो,” प्रकाशक चष्मा पुसत म्हणाले. “आमच्या प्रूफं तपासणाऱ्या बाईंना वाटलं, इतक्या वर्षांत कुणी नावही काढलं नाही, म्हणजे गेलेच असणार.”

“पुढच्या अंकात दुरुस्ती छापा.”

“छापतो की. पण चार दिवसांत तुमची आवृत्ती संपलीय. ज्यांनी तुमचं पुस्तक रद्दीत घातलं होतं, ते आता ‘काळाच्या पुढचा लेखक’ म्हणून गळा काढतायत. रविवारी शोकसभा आहे. तुम्ही जिवंत निघालात, तर कोण कशाला वाचेल?”

लेखक खुर्चीत बसला. पत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग खालच्या आवाजात त्याने विचारलं, “सभेत बोलणार कोण कोण?”

“मुख्य भाषण तुमच्या सौभाग्य... म्हणजे, वहिनींचं.”

“तिचं कसं? मी जिवंत आहे हे तिला ठाऊक आहे! सकाळीच चहा दिलाय तिनं मला!”

“तेही म्हणाल्या त्या. पण भाषण तयारच आहे म्हणे.”