यॉन्टेचं घुबड

संत मार्टिनच्या सणाला मुलं संध्याकाळी कंदील घेऊन मिरवणुकीनं निघतात; तो कंदील मुलानं स्वतःच करायचा, असं बालवाडीनं बजावलं होतं. म्हणून वीबकेनं आपल्या चार वर्षांच्या लेकाला, यॉन्टेला, आजीकडे पाठवलं आणि सुबक कागदी घुबड तयार केलं. मिरवणुकीला निघताना ती बूट घालते न घालते तोच घरात नव्यानं आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लानं घुबडाचा एक पंख फस्त केला, एक डोळा सोफ्याखाली नेला आणि उरलेलं लाळेनं भिजवलं.

"आता बाकीच्या आया काय म्हणतील रे?" ती रडकुंडीला आली.

"म्हणू देत. दिवा लागतोय ना? चल," नवरा हेनिंग म्हणाला.

बालवाडीच्या अंगणात राजहंस, कोल्हे, जहाजं दिमाखात झळकत होती. बाईंनी यॉन्टेचं लोंबणारं घुबड उंच धरलं. त्या अभिमानानं म्हणाल्या,

"बघा, पालकांनो! अख्ख्या वर्गात मुलानं स्वतःच्या हातानं केलेला हा एकच कंदील!"

टाळ्या पडल्या. गेल्या वर्षी हेच कौतुक इम्केच्या लेकीच्या वाट्याला आलं होतं. ती इम्के हळूच वीबकेच्या कानाशी लागली.


"यंदाच काय ते मिरवून घे गं. आमचं कुत्र्याचं पिल्लू आता मोठं झालंय, मेलं कशालाच तोंड लावत नाही."