भिंतीतलं भोक

भोक आणखी मोठं झालं होतं. परवा त्यात बोट जेमतेम जात होतं, आज सातुर्निनाची अख्खी मूठ मावली.

चुलीमागची मातीची भिंत. उंदीर म्हणावं तर लेंडी दिसत नाही. आणि भिंतीपलीकडे निकानोरचा मेंढवाडा! बिनलग्नाचा तो निकानोर, दिवसभर शीळ घालत असतो मेला. म्हातारीच्या मनात पाल चुकचुकली. मुलगा एफ्राईन खाणीवर, महिन्यातून एकदा घरी येणार. सून योबाना पोटुशी. अलीकडे पांढरीफटक पडलेली. चढावर धाप लागून वाटेतच बसायची, बटाटे सोलता सोलता पेंगायची. हिची झोप जाते कुठे? सातुर्निनाला सगळं कळून चुकलं. निदान तिला तसं वाटलं.

मग तिला कशात चैन पडेना. तरतरीसाठी चघळायची कोकाची पानं गालात कोंबून ती घरभर येरझाऱ्या घालू लागली. सूप करपलं. अल्पाकाची लोकर कातताना धागा सारखा तुटू लागला. रविवारी एफ्राईन येणार, त्याच्या आधी या बयेला माहेरी धाडायचंच. फक्त रंगेहाथ पकडायची बाकी होती.

शनिवारी सकाळी "बाजारात जाते गं" म्हणून ती निघाली आणि वळणावरूनच परतली. चपला हातात घेऊन आत शिरली.

भिंतीशी योबाना एकटीच बसली होती. पलीकडून शीळ नाही, कुजबुज नाही. तिने भोकातून मातीचं एक ढेकूळ तोडलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटून कराकरा चावलं.

"अगं बये! भिंत खातेस?"

योबाना दचकली. ओठांना माती तशीच. "आई, देवमातेची शपथ आहे तुम्हाला, एफ्राईनला सांगू नका! वेड लागलंय म्हणेल तो. पण मला राहवतच नाही हो!"

म्हातारीने पुढे होऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाली औषधालाही नव्हती. सुनेचं मनगट धरून तिने तिला आपल्या खोलीत नेलं आणि जोर लावून खाट बाजूला सरकवली. मागे भिंतीवर चुन्याने लिंपलेला मोठा, ओबडधोबड डाग होता.

"हे मी खाल्लंय. अंगात लोह कमी पडलं की जीभ माती मागते, असं नर्सबाई म्हणाल्या. पण तोवर उशीर झाला होता. मी लाजेपायी कुणाला बोललेच नाही. एफ्राईनच्या मोठ्या बहिणीच्या वेळी."

"मोठी बहीण?" योबाना गोंधळली. "अहो, पण एफ्राईन तर एकुलता एक ना?"

"म्हणून तर सांगते, टोपी घाल आधी नि चल. दवाखाना दुपारी बंद होतो."