पुन्हा बोट ठेवा

चौथ्यांदाही मशीनवर लाल दिवा लागला. कस्तुराने बोट ओढणीला पुसलं, त्यावर फुंकर मारली आणि पुन्हा काचेवर दाबलं. परत लाल.

"राहू द्या, ताई," आधार केंद्रातला नूरमोहम्मद म्हणाला. "अर्ध्या चाकणची बोटं कंपन्यांत जमा आहेत. तुमचं आपण डोळ्यावर भागवू."

रांगेतले दोघे-तिघे हसले. कस्तुराही हसली. तिच्या ठशांवाचून तसं काही अडत नव्हतं. आई म्हणून तिची नुसती संमती हवी होती. ठसे द्यायचे होते ते लेकीचे, तेजूचे. तेजस्विनीला पाच वर्षं पूर्ण झाली होती आणि तिच्या तान्हेपणीच्या आधार कार्डावर फक्त फोटो होता. बोटांचे ठसे चढल्याशिवाय पहिलीत नाव पक्कं होणार नाही, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. मुदत सोमवारपर्यंतची होती.

कंपनीत कुठल्या लाइनवर असता, असं नूरमोहम्मदने डोळ्यांचं यंत्र पुढे सरकवत विचारलं. लाइनवर नाही, घरीच असते, कस्तुरा म्हणाली. हे सांगताना तिची मान नेहमीसारखी जरा ताठ झाली.

ती सातव्या महिन्यापर्यंत लाइनवर उभी होती. तेजू झाल्यावर सुपरवायझरने तिची जागाही धरून ठेवली होती. पण शेजारच्या खोलीतल्या जयमालाने आपलं वर्षाचं पोर गावी आईकडे ठेवलं होतं, आणि दिवाळीला ती गेली तेव्हा ते पोर तिला बघून आजीच्या मागे लपलं. हे ऐकलं त्याच दिवशी कस्तुराने नवऱ्याला, खंडूला सांगून टाकलं, मी काय आता कंपनीत जात न्हाई. तेव्हापासून ठेकेदाराचा टेम्पो तिच्या दारात रबरी रिंगांच्या गोण्या टाकायचा. साच्यातून निघालेल्या रिंगेच्या आतल्या-बाहेरच्या कडेला रबराचा पातळ पापुद्रा राहतो. तो नखाने सोलायचा, रिंग थिनरच्या फडक्याने पुसायची, पिशवीत टाकायची. हातात पैसे कमी यायचे. पण लेकरू डोळ्यांसमोर होतं. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला ताप, यातलं काहीच तिला दुसऱ्या कुणाकडून ऐकावं लागलं नाही.

एक आठवण तर तिच्या फार जिवाची होती. तेजू तीन वर्षांची असेल. मांडीवर बसल्या बसल्या तिने एक रिंग उचलली आणि तिचा पापुद्रा कुठेही न तोडता, सबंधच्या सबंध काढून आईपुढे धरला. कस्तुराने तिचे पटापट मुके घेतले. फोटो काढला आणि शिफ्टवर असलेल्या खंडूला पाठवला. बघा, तुमची पोरगी शिकली. मग तो मायलेकींचा खेळच झाला. बालवाडीतून आलं की दोघी समोरासमोर बसायच्या, मधे रिंगांचा ढीग. कस्तुरा गोष्ट सांगायची, तेजू हुंकार द्यायची आणि तिचे हात चालत राहायचे. कंपनी-कंपनी, असं नावही तेजूनेच ठेवलं होतं. जयमाला दारातून जाता-येता थबकायची. नशीबवान हायेस बाई, म्हणायची, लेकरू मांडीला मांडी लावून बसतंय.

"चला बेटा, आता तुमचा नंबर," नूरमोहम्मद म्हणाला. त्याने तेजूला उचलून उंच खुर्चीवर बसवलं.

तेजूने अगदी शहाण्यासारखी चार बोटं काचेवर ठेवली. लाल. जरा दाब, तो म्हणाला. लाल. त्याने ओलं फडकं आणून तिची बोटं पुसली. लाल. दुसरा हात. लाल. अंगठे. लाल. घाम आला असेल, कस्तुरा म्हणाली. लहान लेकरांचं असं होतं का, असंही तिने विचारून पाहिलं.  टेबलावरचा दिवा नूरमोहम्मदने जवळ ओढला आणि तेजूचा पंजा त्याखाली उलगडून धरला.

कस्तुराही वाकली. याच बोटांची नखं ती दर रविवारी कापायची. झोपलेल्या तेजूची हीच बोटं रोज ओठांना लावायची. इतक्या उजेडात मात्र तिने ती कधी बघितली नव्हती. बोटांची टोकं गुळगुळीत होती. घासून घासून चकाकी आलेली. एक रेघ दिसत नव्हती.

"पंधरा-वीस दिवस काम बंद ठेवा," नूरमोहम्मद हळू आवाजात म्हणाला. "कातडी भरून येते. मग या. शाळेला काय सांगायचं ते मी लिहून देतो."

"माझं जाऊ द्या वो," कस्तुरा म्हणाली. "माझं तर डोळ्यावर झालं की."

"तुमचं नाही म्हणत मी, ताई. हिचं."

रांगेत कुणी हसलं नाही. कस्तुरा काही सांगायला गेली. खेळ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

तेजूने आपला हात सोडवून घेतला. आधी आईकडे बघितलं, मग नूरमोहम्मदकडे. तिच्या कपाळावर आठी पडली होती, एखाद्या मोठ्या बाईसारखी.

"बंद कसं ठेवायचं, चाचा?" ती म्हणाली. "आतली कडा कोण काढणार मग? आईचं बोट आत जात न्हाई."