वाढव

"मरतो म्हणायचे नाही!" येसूबाई कडाडल्या. "घराला अन्न देणारी वस्तू आहे ती."

आनंदीने जीभ चावली. दांडी वर सरकवली की लोहचुंबकात वीज अधिक भरते आणि पार खाली ओढली की तो मरतो, एवढेच ती गिरणीच्या तपासनिसांना सांगू पाहत होती. "खाली ओढली की वाढतो," तिने सासूच्या शब्दांत सुधारून सांगितले. पण तपासनीस प्रतापराव तेवढ्यात तेलाच्या इंजिनाकडे वळले होते. त्याच्या धडधडीत त्यांना काहीच ऐकू गेले नाही.

येसूबाईंच्या घरात अभद्र शब्दाला उंबरठा ओलांडता येत नसे. तिथे नारळ फुटत नसे, वाढत असे. बांगडी वाढत असे. दिवादेखील विझत नसे. सासूने "वाढव" म्हटले की सून फुंकर न घालता पदराच्या वाऱ्याने तो शांत करी. घरामागच्या पत्र्याच्या कारखान्यात वीज आली तेव्हा तिलाही हाच नियम लागू झाला. त्या शब्दासरशी आनंदीचा हात आता आपोआप खाली येई.

महाराजांच्या हीरकमहोत्सवाच्या कमानी बडोद्यात अजून उभ्या होत्या. त्याच सुमारास येसूबाईंचा मुलगा हिंमतराव याची डाव्या हाताची दोन बोटे गेली. गिरणीच्या मागासाठी लागणारी पोलादी पट्टी पत्र्यासारखी पातळ होती. शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली की ती वाकत असे, म्हणून तो ती फिरत्या सहाणेखाली हातानेच दाबून धरी. पट्टीला वरून न आवळता खालून धरून ठेवील असे काहीतरी हवे होते.

ते त्यांनी घरीच घडवले. आजेसासऱ्यांच्या तोफगाड्याच्या चाकाची लोखंडी धाव कापून हिंमतरावाने गाभा केला. आनंदीने त्यावर तांब्याची तार वेटोळ्यांनी गुंडाळली. वेटोळी एकमेकांना भिडू नयेत म्हणून थरांमध्ये कापड हवे होते, तेव्हा येसूबाईंनी लग्नातला शेला पेटीतून काढला आणि स्वतःच्या हातांनी टरकावला. मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या जोडताच तो ओबडधोबड ठोकळा पोलादाला असा चिकटला की दोघांना ओढून सुटेना.

"एक पट्टी सरळ काढून दाखवा, काम तुमचे," प्रतापराव आता म्हणाले. "नाहीतर गिरणीच्या दरवाजावर पहारेकऱ्याची जागा आहेच. हिंमतरावांसाठी पट्टा राखून ठेवला आहे."

"पहारा आमच्या घराण्याने किल्ल्यांवर केला आहे, प्रतापराव. कापसाच्या गाठींवर नाही."

"किल्ले आता कुठे उरलेत, आईसाहेब?"

येसूबाईंनी मुलाला मान हलवून खूण केली.

हिंमतरावाने लोहचुंबकावर पट्टी ठेवली. आनंदीने दांडी अर्ध्यावर नेली. सहाण पट्टीला टेकली आणि ठिणग्यांचा पिसारा फुलला. प्रतापराव वाकून पाहू लागले. पट्टीचे एक टोक किंचित थरथरत होते.

"पकड कमी पडते आहे," ते ओरडले. "वाढव!"

आनंदीचा हात खाली आला.

पट्टी सुटली. हिंमतरावाच्या बाहीची किनार कापून ती समोरच्या पत्र्यावर खणकन आदळली. तो मागे सरला आणि त्याने आपली बोटे चाचपली. होती तेवढी शाबूत होती.

"बस, थई गयुं, झाले," प्रतापरावांनी टोपी उचलली. "वाढव म्हटले तर सोडून दिलेत! सूनबाईंना मराठी कळत नाही का?"

खरे कारण सांगायचे तर आनंदीला सासूकडे बोट दाखवावे लागले असते. "माझे चुकले," ती म्हणाली.

येसूबाई गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांच्या हयातीत त्यांनी कुणापुढे आपली चूक कबूल केल्याचे कुणाला आठवत नव्हते.

"टोपी खाली ठेवा, प्रतापराव," त्या म्हणाल्या. "लोहचुंबक चुकला नाही आणि सूनही चुकली नाही. वाढव म्हणजे बंद कर, ही मराठी तिला मी शिकवली आहे. चुकला असेल तर माझा शब्द चुकला. हिंमत, दुसरी पट्टी लाव."

प्रतापराव थबकले. मग त्यांनी टोपी खुंटीला अडकवली.

पुन्हा ठिणग्या उडाल्या. पुन्हा टोक थरथरले. या खेपेस प्रतापराव फार जपून बोलले, "वीज जरा... जास्त करा, सूनबाई." दांडी वर गेली. थरथर थांबली. सहाण या टोकापासून त्या टोकापर्यंत निर्वेध फिरली.

आता पट्टी सुटायला हवी होती. बांधलेली असताना कोणतीही पट्टी सरळ दिसते. खरी कसोटी सुटल्यावरच. हिंमतरावाने आईकडे पाहिले. आनंदीनेही पाहिले.

"बंद कर," येसूबाई म्हणाल्या.

आनंदीचा हात हलेना. त्या तोंडून तो शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता.

"बंद कर म्हटले ना! माझ्या मुलाच्या बोटांपेक्षा माझा शब्द मोठा नाही."

दांडी खाली आली. प्रतापरावांनी पट्टी सपाट काचेवर ठेवली आणि डोळा खाली नेऊन काच व पोलाद यांच्यामध्ये उजेड शोधला. तो कुठेच नव्हता.

"थई गयुं," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी हसून.

हिंमतरावाने न सांगता तिसरी पट्टी लोहचुंबकावर ठेवली. येसूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वाढव," त्या म्हणाल्या.

आनंदीने दांडी वर सरकवली.